घटक ४ : 'हेलिकॉप्टर' – एका तांत्रिक सामासिक शब्दाची व्युत्पत्ती

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• एखाद्या तांत्रिक सामासिक शब्दाचे मूळ घटक कोणते, हे पुराव्याने शोधता येईल.
• शब्दाची ऐतिहासिक फोड आणि भाषिकांनी केलेली फोड यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• दोन भाषांतील शब्दांचे वरवरचे साम्य आणि नियमित ध्वनिसंवाद यांत भेद करता येईल.
• 'पुनर्विश्लेषण' ही संकल्पना इंग्रजी, संस्कृत व मराठी उदाहरणांच्या आधारे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण मराठी सामासिक शब्दांची फोड कशी करावी, हे पाहिले. विग्रह करताना समासाची पदे आपल्याला परिचित होती, म्हणून ती कोठे सुटी करावयाची, हा प्रश्न फारसा पडला नाही. परक्या भाषेतून आलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र ही सोय नसते. तेथे शब्द कोठे तोडावा, याचा निर्णय आपण बहुधा कानावर सोपवतो.

'हेलिकॉप्टर' या शब्दाची फोड विचारली असता बहुतेक जण 'हेलि' आणि 'कॉप्टर' अशी दोन पदे सांगतात. त्यांच्याजवळ आधारही असतो. 'हेलिपॅड', 'हेलिपोर्ट' या शब्दांत 'हेलि' आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत नुसते 'कॉप्टर' येते. शेतात फवारणी करणाऱ्या चार पंख्यांच्या ड्रोनला 'क्वाडकॉप्टर' म्हणतात. इतका पुरावा समोर असताना या फोडीवर शंका कोणी घ्यावी? तरीही ज्याने हा शब्द घडवला, त्याने तो या ठिकाणी जोडलेला नव्हता.

मग बरोबर कोण? शब्द घडवणारा, की तो रोज वापरणारे? प्रस्तुत घटकात एकाच शब्दाच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत. या शब्दाचा एक अवयव आपल्या 'पत्र' आणि 'पाते' या शब्दांच्या कुळातला आहे, हेही ओघाने दिसून येईल.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ शब्द आधी, यंत्र नंतर

'हेलिकॉप्टर' हा शब्द इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. गुस्ताव द पोंतों दामेकूर (१८२५–१८८८) हे फ्रान्समधील नाणकशास्त्राचे अभ्यासक होते आणि हवेत उडणाऱ्या यंत्राच्या कल्पनेने त्यांना झपाटले होते. १८६१ मध्ये त्यांनी आपल्या नियोजित यंत्रासाठी 'एलिकोप्तेर' हे नाव योजले. फ्रेंचमध्ये आरंभीचा 'ह' लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. इंग्रजीत तो उच्चारला जाऊ लागला आणि शब्दाला आज परिचित असलेले रूप मिळाले.

हे नाव का सुचले असावे, हे समजून घेण्यासाठी त्या काळातील एका दुसऱ्या शोधाकडे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आगबोटी दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत चालत. पुढे जहाजाच्या मागे मळसूत्राच्या आकाराचा पंखा बसवण्याची पद्धत आली. १८४३ मध्ये जलावतरण झालेले 'ग्रेट ब्रिटन' हे लोखंडी जहाज अशाच पंख्यावर चालत असे. या पंख्याला फ्रेंचमध्ये 'एलिस' म्हणतात. 'मळसूत्र, वलय' या अर्थाच्या ग्रीक 'हेलिक्स'वरून तो शब्द आला आहे. पाण्यात फिरणारे मळसूत्र जहाजाला पुढे ढकलते, तर हवेत फिरणारे मळसूत्र यंत्राला वर का उचलणार नाही, अशी ही कल्पना होती.

दामेकूर यांनी १८६३ मध्ये वाफेवर चालणारा एक लहान नमुनाही तयार केला. त्याला उड्डाणात यश आले नाही. मात्र नाव टिकले. जर्मनीतील 'फोक-वुल्फ एफडब्ल्यू ६१' हे यंत्र १९३६ मध्ये उडाले, तर इगोर सिकोर्स्की यांच्या 'व्हीएस-३००' या यंत्राचे पहिले उड्डाण १९३९ मध्ये अमेरिकेत झाले. म्हणजे नाव जन्मल्यानंतर माणसाला घेऊन भरवशाने उडणारे यंत्र येण्यास सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली. वस्तू आधी व नाव नंतर, हा क्रम आपल्याला स्वाभाविक वाटतो. तांत्रिक शब्दांच्या बाबतीत तो अनेकदा उलटा असतो, हे येथे लक्षात ठेवावे.

४.२.२ शब्दाचे मूळ घटक

दामेकूर यांनी ग्रीक भाषेतील दोन शब्द घेतले. पहिला 'हेलिक्स', म्हणजे मळसूत्र किंवा सर्पिल आकार. दुसरा 'प्तेरोन', म्हणजे पंख. ग्रीकमध्ये समास करताना नामाचे प्रथमेचे रूप वापरत नाहीत, त्याचे अंग वापरतात. 'हेलिक्स'चे अंग 'हेलिक्' असे आहे. मराठीतील सामान्यरूपाची आठवण येथे व्हावी : 'घोडा' या शब्दाला प्रत्यय लावताना आपण 'घोड्या-' हे रूप घेतो, तसेच हे. पहिल्या पदाचे अंग आणि दुसरे पद यांच्यामध्ये 'ओ' हा जोडस्वर येतो. 'थर्मोमीटर', 'फोटोग्राफ' या शब्दांत हाच 'ओ' ऐकू येतो. यावरून आपल्या शब्दाची ऐतिहासिक फोड अशी होते :

हेलिक् + ओ + प्टर

समासाच्या प्रकाराचा विचार केला तर हा बहुव्रीही आहे. 'मळसूत्रासारखा पंख आहे ज्याला ते', असा त्याचा विग्रह करता येईल. समासातील दोन्ही पदे ज्याचे वर्णन करतात ती वस्तू, म्हणजे यंत्र, समासाच्या बाहेर आहे. 'सहस्रपत्र' म्हणजे हजार पाकळ्या असलेले कमळ. त्या शब्दाची रचना हीच आहे.

'प्तेरोन' हा घटक इतर शास्त्रीय शब्दांतही सापडतो. कृषिविषयक पुस्तकांत किडींच्या गणांची नावे आपण वाचली असतील. फुलपाखरे व पतंग यांचा गण 'लेपिडोप्टेरा', म्हणजे खवल्यांचे पंख असलेले. माश्या व डास यांचा गण 'डिप्टेरा', म्हणजे दोन पंखांचे. प्राचीन काळातील उडणाऱ्या सरीसृपाला 'टेरोडॅक्टिल' म्हणतात. त्याचा अर्थ 'पंख-बोट्या'. या सर्व शब्दांत 'प्टर' हा अर्थपूर्ण घटक एकसंध राहिला आहे. त्यांच्या शेजारी 'हेलिकॉप्टर' ठेवले की, फोड 'कॉ'च्या आधी नव्हे तर नंतर करावी लागते, हे स्पष्ट होते.

४.२.३ 'प्टर'चे कूळ : पत्, पत्र, पाते

ग्रीकमध्ये 'उडणे' या अर्थाचे क्रियापद 'पेतोमाइ' असे आहे. संस्कृतात 'पत्' हा धातू आहे; त्याचे अर्थ 'उडणे' आणि 'पडणे'. 'पतंग' हा शब्द याच धातूपासून बनला आहे. ग्रीक 'पेत्' आणि संस्कृत 'पत्' हे एकाच मूळ धातूचे दोन वारस आहेत. मूळ भारत-युरोपीय भाषेतील ऱ्हस्व 'ए' हा स्वर ग्रीक व लॅटिनमध्ये टिकला आणि संस्कृतात त्याचा 'अ' झाला. 'सात' या अर्थाच्या लॅटिन 'सेप्तेम' आणि संस्कृत 'सप्त' या जोडीत हाच फरक दिसतो.

आता एक शंका येईल. धातू 'पेत्' असेल, तर 'प्तेरोन' या शब्दात प आणि त यांच्यामधला स्वर गेला कोठे? याचे उत्तर संस्कृत व्याकरणातच मिळते. 'गम्' धातूपासून 'जग्मुः' हे रूप होते. तेथे ग आणि म यांच्यामधला अ नाहीसा होतो. 'पत्' धातूचे भूतकाळी रूप 'अपप्तत्' असे आहे. त्यातही धातूचा स्वर लोपून 'प्त' उरतो. धातूचे असे स्वरहीन रूप मूळ भाषेतच प्रचलित होते. ग्रीक 'प्तेरोन'मध्ये ते दिसते.

संस्कृतात याच धातूला 'त्र' हा साधनवाचक प्रत्यय लागून 'पत्त्र' हा शब्द झाला. 'नी'पासून 'नेत्र', 'शस्'पासून 'शस्त्र', तसे 'पत्'पासून 'पत्त्र'. त्याचा अर्थ उडण्याचे साधन, म्हणजे पंख. एक त कमी करून आपण तो 'पत्र' असा लिहितो. पंखाच्या आकारावरून पानाला 'पत्र' म्हटले गेले. पानावर लिहिले जाई, म्हणून लिहिलेला मजकूर 'पत्र' झाला. मराठीतील 'पत्रिका', 'पत्रावळ', 'पत्रा' हे शब्द याच घरातले.

याशिवाय लोकांच्या तोंडी घडत आलेले एक रूप मराठीत आहे. संस्कृत 'त्र' प्राकृतात 'त्त' होतो आणि मराठीत एक 'त' जाऊन आधीचा स्वर दीर्घ होतो. सूत्र – सुत्त – सूत. पुत्र – पुत्त – पूत. रात्रि – रत्ति – रात. याच नियमाने पत्र – पत्त – पात. कांद्याची पात, गवताचे पाते, चाकूचे पाते, पंख्याचे पाते हे शब्दप्रयोग आपण रोज करतो.

हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणाऱ्या लांब पट्ट्यांना मराठीत आपण 'पाती' म्हणतो. 'प्टर' आणि 'पाते' हे दोन शब्द हजारो वर्षांपूर्वी एकाच धातूपासून निघाले. एक ग्रीकमधून फ्रेंचमध्ये व तेथून इंग्रजीत गेला. दुसरा संस्कृतातून प्राकृतात व तेथून मराठीत आला. आज ते एकाच यंत्राच्या वर्णनात शेजारी येतात. हे नाव देणाऱ्याला मराठी ठाऊक नव्हती आणि 'पाते' म्हणणाऱ्याला ग्रीक ठाऊक नसते. तरीही हा योग जुळून आला आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'हेलिकॉप्टर हा शब्द मुळात संस्कृतच आहे' असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. 'प्तेरोन' हे 'पत्र'चे अपत्य नाही, तसेच 'पत्र' हे 'प्तेरोन'चे अपत्य नाही. दोन्ही शब्दांत धातू समान आहे, प्रत्यय मात्र वेगळे आहेत. त्यांचे नाते आईमुलाचे नसून चुलत भावंडांचे आहे. आपल्या भाषेविषयीचा अभिमान रास्त आहे. पण व्युत्पत्तीच्या अभ्यासात नात्याचे नाव चुकवून चालत नाही.

४.२.४ साम्य म्हणजे पुरावा नव्हे

हे नाते खरे कशावरून? ध्वनींत थोडेफार साम्य आहे आणि अर्थही जुळतो, एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते नियमिततेवर. संस्कृतातील शब्दारंभीच्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो : पितृ – फादर, पद – फूट, पञ्च – फाइव्ह. संस्कृत 'त'च्या जागी 'थ' येतो : त्रि – थ्री, तनु – थिन. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा ध्वनिनियम सविस्तर मांडला. आता 'पत्र' या शब्दाला हाच नियम लावला असता इंग्रजीत 'फ' आणि 'थ' असलेला, पंखाशी संबंध असलेला शब्द सापडावयास हवा. तो सापडतो : 'फेदर', म्हणजे पीस. नियमाने केलेली अपेक्षा शब्दाने पूर्ण केली. हा पुरावा आहे.

लॅटिनमध्ये याच धातूपासून 'पेन्ना' हा शब्द झाला. त्याचा अर्थ पीस. पिसाच्या टोकाने लिहीत, म्हणून लेखणीलाही तेच नाव पडले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत 'पेन' या रूपात आले. 'पेनाने पत्र लिहिले' या साध्या मराठी वाक्यात एकाच धातूचे दोन वंशज एकत्र आले आहेत.

मग 'पेन्सिल' हा शब्दही याच कुळातला असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तो तसा नाही. 'लहान शेपटी' या अर्थाच्या एका लॅटिन शब्दावरून चित्रकाराच्या कुंचल्याला नाव पडले आणि त्यातून 'पेन्सिल' हा शब्द आला. 'पेन' आणि 'पेन्सिल' यांचे रूप जवळचे, काम जवळचे, डबाही एकच. पण कूळ निराळे. याउलट 'पेन' आणि 'पाते' यांचे रूप दूरचे, काम दूरचे. पण कूळ एक. रूपसाम्यावर भिस्त ठेवणाऱ्याची दोन्ही ठिकाणी फसगत होते.

'हेलि' या तुकड्याच्या बाबतीतही अशी फसगत होण्याचा संभव आहे. ग्रीकमध्ये 'हेलिओस' म्हणजे सूर्य. 'हेलियम' हे मूलद्रव्य प्रथम सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात ओळखले गेले, म्हणून त्याला ते नाव मिळाले. हेलियममधील 'हेलि' सूर्याचा आहे, हेलिकॉप्टरमधील 'हेलिक्' मळसूत्राचा. दोघांचा परस्परांशी संबंध नाही.

४.२.५ शब्द दुसऱ्या ठिकाणी का तुटला?

मूळ सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये असताना इंग्रजी भाषिकांनी तो 'हेलि' आणि 'कॉप्टर' यांच्यामध्ये का मानला? अज्ञान हे याचे पुरेसे कारण नाही. खरे कारण इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेत आहे.

कोणते व्यंजन कोणत्या व्यंजनाला जोडून शब्दारंभी येऊ शकते, याचे प्रत्येक भाषेचे काही नियम असतात. इंग्रजीत 'प्ट' या जोडाने शब्द सुरू होत नाही. म्हणूनच 'टेरोडॅक्टिल'च्या इंग्रजी लेखनात प असूनही तो उच्चारला जात नाही. मराठीतही 'प्ट'ने आरंभ होणारा शब्द आढळत नाही. असा जोड शब्दाच्या मध्ये आला की, आपण प मागच्या स्वराला आणि ट पुढच्या स्वराला देतो : हे-लि-कॉप्-टर. अशा उच्चारात 'प्टर' हा तुकडा सुटा ऐकूच येत नाही. 'कॉप्टर' मात्र सहज सुटा होतो.

याचा पडताळा फ्रेंचमध्ये मिळतो. 'टेरोडॅक्टिल'च्या फ्रेंच रूपात आरंभीचा प उच्चारला जातो, म्हणजे त्या भाषेला हा जोड चालतो. आणि फ्रेंच लोक 'हेलिकॉप्टर'चा संक्षेप करतात तो 'एलिको' असा. त्यांनी शब्द नेमका मूळ सांध्यावर तोडला. इंग्रजीने 'कॉप्टर' ठेवले, फ्रेंचने 'एलिको' ठेवले. ज्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेला जे सोयीचे, तेथे तिने शब्द मोडला.

देवनागरी लेखनातील एक गंमतही येथे नोंदवावी. आपण 'हेलिकॉप्टर' लिहितो तेव्हा 'प्ट' हे जोडाक्षर एकत्र लिहितो. मूळचा सांधा असा आपल्या लेखनात राहिला आहे. उच्चारात मात्र तो हरवला आहे.

४.२.६ तुकड्यांना अर्थ येतो

१९४० च्या दशकात ही यंत्रे प्रत्यक्ष वापरात आली, तसे इंग्रजीत 'कॉप्टर' हा संक्षेप आणि 'हेलिपोर्ट' हा नवा शब्द रूढ झाला. पुढे 'हेलिपॅड' आला, 'जायरोकॉप्टर' आला, अलीकडे 'क्वाडकॉप्टर' आला.

'कॉप्टर' या तुकड्यात ऐतिहासिकदृष्ट्या काय आहे? 'हेलिक्'चे शेवटचे व्यंजन क्, जोडस्वर ओ, आणि 'प्टर'. म्हणजे मळसूत्राचे शेपूट आणि पूर्ण पंख. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा तुकडा निरर्थक आहे. तथापि, वर्णनात्मक भाषाविज्ञानाची कसोटी वेगळी आहे. एखाद्या तुकड्याला 'रूपिम' म्हणण्यासाठी आपण तीन प्रश्न विचारतो : तो एकाहून अधिक शब्दांत येतो का? प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ स्थिर असतो का? त्याच्यापासून नवे शब्द घडतात का? 'कॉप्टर'च्या बाबतीत तिन्ही उत्तरे होकारार्थी आहेत : 'फिरत्या पात्यांवर उडणारे यंत्र' हा त्याचा स्थिर अर्थ झाला आहे. 'हेलि' या तुकड्यालाही 'हेलिकॉप्टरसंबंधी' असा अर्थ आला आहे. म्हणून आजच्या इंग्रजीत हे दोन्ही रूपिम आहेत.

या प्रक्रियेला 'पुनर्विश्लेषण' म्हणतात. 'हॅम्बर्गर' हा शब्द जर्मनीतील हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आला. इंग्रजीत 'हॅम' म्हणजे डुकराचे मांस, त्यामुळे लोकांनी 'हॅम + बर्गर' अशी फोड केली आणि 'चीजबर्गर' तयार झाला. मूळ शब्दातून सुटून प्रत्ययासारख्या वापरल्या जाणाऱ्या अशा तुकड्यांसाठी अमेरिकन भाषावैज्ञानिक अर्नोल्ड झ्विकी यांनी २०१० मध्ये 'लिबफिक्स' अशी संज्ञा सुचवली. मराठीत आपण त्यांना 'मुक्त झालेले शब्दखंड' म्हणू.

परभाषेतील शब्द जसाच्या तसा घ्यावा, की आपल्या घटकांतून नवा घडवावा, हा निर्णयही भाषा आपापल्या परीने करतात. जर्मन भाषेने 'हुबश्राउबर' हा स्वतःचा शब्द घडवला. त्याचा अर्थ 'उचलणारे मळसूत्र-यंत्र'. रशियन भाषेत 'वेर्तोल्योत' म्हणतात, म्हणजे फिरून उडणारे. त्यातील 'वेर्त्' हा घटक संस्कृत 'वृत्' या धातूच्या कुळातला आहे. मराठीने 'हेलिकॉप्टर' स्वीकारला आणि आपल्या व्याकरणात बसवला : हेलिकॉप्टरने, हेलिकॉप्टरमधून, हेलिकॉप्टरची पाती.

४.२.७ आपल्या परंपरेतील पुनर्विश्लेषण

पुनर्विश्लेषण ही केवळ इंग्रजीची किंवा आधुनिक काळाची गोष्ट नाही. संस्कृतात तिची ठळक उदाहरणे आहेत.

ऋग्वेदाच्या प्राचीन भागात 'असुर' हे वरुणासारख्या देवतांचे गौरवाचे विशेषण आहे. 'असु' म्हणजे प्राण, त्यावरून हा शब्द आला, असे मानले जाते. इराणी परंपरेतील 'अहुर' हा याच शब्दाचा भाऊबंद असून तेथे तो परमेश्वरवाचक आहे. पुढे 'असुर' हा देवांचा शत्रू ठरला आणि शब्दारंभीचा अ नकारार्थी वाटू लागला. 'अ-सुर', म्हणजे सुर नव्हे तो. मग 'सुर' म्हणजे देव, असा नवा शब्द उदयास आला. 'कॉप्टर'ची आणि 'सुर'ची जन्मकथा एकच आहे.

दुसरे उदाहरण 'विधवा' या शब्दाचे. लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो', रशियन 'व्दोवा' हे त्याचे सजातीय शब्द आहेत. 'वियुक्त होणे' या अर्थाच्या एका धातूशी त्यांचा संबंध आहे. मूळ शब्दात 'वि' हा उपसर्ग नाही आणि 'धव' हे पदही नाही. संस्कृतात मात्र 'वि-धवा' अशी फोड होऊन 'धव' म्हणजे पती हा शब्द सिद्ध झाला, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. यास्काच्या निरुक्तात 'विधवा'च्या ज्या व्युत्पत्ती दिल्या आहेत, त्यांतही 'धव' हे पुरुषाचे नाव मानून केलेली एक आहे. 'धव' एकदा सुटा झाल्यावर 'सधवा' हा शब्द तयार होण्यास अडचण उरली नाही.

या उदाहरणापाशी थोडे थांबावयास हवे. हळदीकुंकवाला कोणाला बोलवावयाचे आणि कोणाला नाही, मंगलकार्यात पुढे कोणी यावयाचे, हे ज्या जोडीने ठरवले गेले, त्या 'सधवा–विधवा' या जोडीतील एक शब्द अशा फोडीतून जन्मला आहे. म्हणून त्या शब्दाचा परिणाम काल्पनिक ठरत नाही. तो आपल्या घरांतील स्त्रियांनी प्रत्यक्ष सोसला आहे. व्युत्पत्ती सांगून प्रथा मोडत नाहीत. मात्र शब्दांच्या ज्या जोड्या आपल्याला अनादी वाटतात, त्याही कोणा भाषिकांनी कधी तरी घडवलेल्या असतात, एवढे व्युत्पत्ती निश्चितपणे दाखवून देते.

४.२.८ मग बरोबर कोण?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. 'हेलिक् + ओ + प्टर' ही फोड 'शब्द कसा घडला?' या प्रश्नाचे उत्तर आहे. 'हेलि + कॉप्टर' ही फोड 'आजचे भाषिक शब्द कसा समजतात?' या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न दोन आहेत, म्हणून उत्तरे दोन आहेत. पहिल्या प्रश्नाला दुसरे उत्तर देणे ही चूक आहे. तितकीच मोठी चूक दुसऱ्या प्रश्नाला पहिले उत्तर देणे, ही आहे.

'शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ' हा समज सुशिक्षितांत फार आढळतो. तो मान्य केला तर 'पत्र' म्हणजे पंखच म्हणावे लागेल आणि टपालाने आलेल्या पत्राला पत्र म्हणता येणार नाही. शब्द कोठून आला, हे त्याचा इतिहास सांगतो. तो आज काय करतो, हे त्याचा वापर ठरवतो. 'हेलिपॅड' म्हणणाऱ्या माणसाला हसण्यापूर्वी भाषेच्या अभ्यासकाने हे ध्यानात घ्यावे की, त्या माणसाने ऐकलेल्या शब्दात रचना शोधली आहे. रचना शोधण्याच्या याच वृत्तीमुळे मूल भाषा शिकते आणि भाषेत नवे शब्द येत राहतात.

४.३ सारांश

'हेलिकॉप्टर' हा शब्द १८६१ मध्ये दामेकूर यांनी ग्रीक 'हेलिक्स' आणि 'प्तेरोन' यांपासून फ्रेंचमध्ये घडवला. त्याची ऐतिहासिक फोड 'हेलिक् + ओ + प्टर' अशी असून तो बहुव्रीही समास आहे. 'प्टर' हा घटक संस्कृत 'पत्' धातूच्या कुळातला आहे. 'पत्र', 'पाते', 'फेदर' आणि 'पेन' हे त्याचे सजातीय शब्द होत. हे नाते नियमित ध्वनिसंवादाने सिद्ध होते, वरवरच्या साम्याने नव्हे. 'प्ट' हा जोड शब्दारंभी न चालल्याने इंग्रजी भाषिकांनी 'हेलि + कॉप्टर' अशी नवी फोड केली आणि दोन नवे रूपिम निर्माण झाले. 'असुर–सुर' आणि 'विधवा–सधवा' ही आपल्या परंपरेतील अशाच प्रक्रियेची उदाहरणे आहेत. ऐतिहासिक फोड आणि प्रचलित फोड ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

४.४ पारिभाषिक शब्द

रूपिम : भाषेतील लहानात लहान अर्थपूर्ण घटक.
जोडस्वर : समासाच्या दोन पदांना जोडण्यासाठी येणारा, स्वतंत्र अर्थ नसलेला स्वर.
सजातीय शब्द : एकाच मूळ शब्दापासून वा धातूपासून वेगवेगळ्या भाषांत आलेले शब्द.
ध्वनिसंवाद : सजातीय भाषांतील ध्वनींचे परस्परांशी असलेले नियमित नाते.
पुनर्विश्लेषण : शब्दाच्या मूळ फोडीऐवजी भाषिकांनी वेगळी फोड करणे.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'हेलिकॉप्टर'मधील 'ओ' हा कोणत्या प्रकारचा स्वर आहे?
२. 'पेन' आणि 'पेन्सिल' हे सजातीय शब्द आहेत का?
३. 'पत्र' या शब्दापासून 'पात' हे रूप कोणत्या क्रमाने सिद्ध होते?
४. फ्रेंचमधील 'एलिको' हा संक्षेप कोणत्या सांध्यावर तुटला आहे?

उत्तरे : १. जोडस्वर. २. नाहीत, पहिला 'पीस' या अर्थाच्या, तर दुसरा 'लहान शेपटी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. ३. पत्र – पत्त – पात. ४. 'हेलिको' आणि 'प्टर' यांमधील मूळ सांध्यावर.

४.६ स्वाध्याय

१. 'व्युत्पत्तीने सांगितलेला अर्थ हाच शब्दाचा खरा अर्थ होय', या विधानाचे सोदाहरण परीक्षण करा.
२. 'कॉप्टर' हा रूपिम आहे की नाही, ते तीन कसोट्यांच्या आधारे ठरवा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या व्यवसायात वापरले जाणारे पाच इंग्रजी तांत्रिक शब्द निवडा. सहकारी त्या शब्दांचे संक्षेप कसे करतात, याची नोंद घ्या. शब्द नेमका कोठे तुटतो आणि तेथेच का तुटतो, हे उच्चाराच्या आधारे लिहा. आपण घेतलेली नोंद कोशात सापडली नाही, तरी ती ग्राह्य आहे. भाषा प्रथम बोलली जाते, कोशात मागाहून येते.